नऊ नंबरच्या मागच्या दाराची लाईट

मोठं आहे, आधीच सांगतो. गाडी चालवताना वाचू नका, बाजूला उभी करून वाचा.

बारका जाऊन आज बावीस दिवस झाले. तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर फुलं टाकली, जोडलेले हात टाकले, मी कुणाला उत्तर दिलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, बोटं जाड, एक अक्षर दाबायला गेलं की दोन दाबली जातात. पण कारण ते नव्हतं. ज्याला तुम्ही फुलं टाकलीत त्याला तुम्हीच आठ वर्षं उद्धट म्हणत आलात. मोठ्या भावाला नोकरासारखा राबवतो म्हणत आलात. तो तसा का वागायचा हे दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक गेला. दुसरा मी. मी बोललो नाही तर ते तसंच राहणार त्याच्या नावावर.

नवीन ड्रायव्हर आलेत ग्रुपमध्ये म्हणून पहिल्यापासून सांगतो. आम्ही सख्खे भाऊ, मी सात वर्षांनी मोठा. मी आपल्या स्कूलबसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक, क्लच, स्प्रिंगचे पाटे बघतो. तो गाडीतलं लाईटचं सगळं बघायचा, डॅशवरचे दिवे, बझर, दारांची बटणं. मला सगळे थोरले म्हणतात, त्याला बारके मिस्त्री म्हणायचे. नीट बघा, मला नुसतं थोरले आणि त्याला पुढे मिस्त्री. मी नऊ वर्षं आधीचा कामाला, मीच त्याला हाताला धरून तिथे आणला, तपासायचा बल्ब पहिल्यांदा मीच त्याच्या हातात दिला. एक टोक बॉडीला लाव, एक तारेला लाव, पेटला तर करंट आहे, नाही तर नाही. जेवढं मला येत होतं तेवढं सगळं त्याला शिकवलं. दोन वर्षात तो मला विचारेना झाला. तीन वर्षात मी त्याला विचारायला लागलो. चौथ्या वर्षी मी विचारायचंही सोडलं, कारण तो सांगताना हसायचा.

मी त्याच्यावर जळायचो. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. लहानपणापासून. आई मला हाक मारायची ती पाणी भर म्हणून, आणि त्याला हाक मारायची ती जेवायला ये म्हणून. आता तुम्ही म्हणाल मोठ्याला काम सांगणारच. हो, पण ऐकणाऱ्याला ते तसं नाही लागत.

कामाची त्याची एक पद्धत होती ती तुम्हाला माहितीये, नव्यांना सांगतो. गाडी आली की बाकीचे मिस्त्री आधी पान्हा उचलतात. हा ड्रायव्हरला बाकड्यावर बसवायचा. काय झालं असं विचारायचाच नाही. लाईट कुठे लागते, असं विचारायचा. कुठल्या वळणावर, पोरं भरल्यावर की रिकामी असताना, सकाळी की दुपारी, गाडी धुतल्यावर की कोरडी असताना. ड्रायव्हर लोकांना असं कोणी विचारत नाही हो, तुम्हीच सांगा. मी तरी विचारायचो नाही. मी म्हणायचो ड्रायव्हरला काय कळतंय, त्याने स्टेअरिंग धरावं. मग हा दुसऱ्या दिवशी त्या गाडीत बसून जायचा, पोरांच्या त्या बुटक्या सीटवर, गुडघे पार हनुवटीला टेकलेले, आणि डॅशकडे बघत राहायचा.

चार नंबरच्या गाडीचा किस्सा सांगतो. पुढच्या दाराची लाईट, डॅशवरची ती दार उघडं आहे सांगणारी, सकाळी लागायची आणि दुपारी नाही. दार तर घट्ट बंद. मी दोनदा बटण बदललं. बटण म्हणजे चौकटीतला तो छोटा खिळ्यासारखा तुकडा, दार बंद झालं की आत दाबला जातो आणि लाईट विझते, दार उघडलं की बाहेर येतो आणि लाईट लागते. दोन नवी बटणं घातली तरी सकाळी लाईट आहेच. बारका एक दिवस गेला बसून आणि हसत हसत परत आला. गाडीत पोरं सांभाळायला ज्या ताई असतात त्या आपली पिशवी दाराच्या दांडीला अडकवायच्या. सकाळी पिशवीत डबा भरलेला. त्या वजनाने दांडी खाली यायची आणि दार बोटभर सरकायचं. दुपारी डबा रिकामा.

तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुम्ही जेवलात की गाडीचा फॉल्ट जातो."

ताई म्हणाल्या, "मग रोज सकाळी सातला जेवू का मी?"

अख्खं वर्कशॉप हसलं. मालक हसले. मीपण हसलो, तोंडाने. आतून मला वाटत होतं, दोन बटणं मी बदलली, दोनदा हात सोलवटले, माझं कुणी नावही काढत नाही, आणि हा एक फेरी फुकट फिरून आला तर हिरो.

त्याच महिन्यात मालकांनी त्याला सही दिली. सही म्हणजे काय ते नव्यांना सांगतो. सकाळी प्रत्येक गाडीची एक चिठ्ठी असते, ब्रेक ठीक, टायर ठीक, दारं ठीक, आणि खाली सही. ती सही झाल्याशिवाय गेटवरचा वॉचमन गाडी बाहेर सोडत नाही. मालक स्वतः उभे असले तरी नाही. म्हणजे गाडी जाणार की राहणार हे ज्याच्या हातात, तो वर्कशॉपचा खरा मालक. ती सही मला मिळणार असं मी घरी बोलून बसलो होतो. त्याला मिळाली. मी घरी गेलो, भिंतीकडे तोंड करून पडलो. बायको म्हणाली काय झालं, मी म्हटलं डोकं दुखतंय.

ती म्हणाली, "डोकं नाही, पोटात दुखतंय तुमच्या."

मग ही नऊ नंबरची गोष्ट. आठ वर्षांपूर्वीची. नऊ नंबरला मागच्या दाराची लाईट लागायची. मागचं दार म्हणजे संकटाच्या वेळी उघडायचं ते, एरवी कायम बंद. गाडी खड्ड्यात गेली की लाईट चमकायची, बझर टुक करायचा, आणि बंद. नऊवर तेव्हा मामा ड्रायव्हर. मामांनी बारक्याला सगळं सांगितलं, बारका एक दिवस बसून गेला, आणि म्हणाला लाईट डाव्या चाकाच्या खड्ड्यालाच लागते, उजव्याच्या नाही, मला अजून दोन दिवस द्या. आणि सही केली नाही. गाडी उभी. दुसरा दिवस, गाडी उभी. शाळेचे फोन मालकांना. मालक वर्कशॉपमध्ये येऊन उभे राहायचे आणि काही बोलायचे नाहीत, ते जास्त वाईट.

तिसऱ्या दिवशी सकाळी बारका सामान आणायला बाहेर गेला. मालक आले. म्हणाले, "थोरले, तुम्ही बघा की जरा. तुम्ही जुने आहात."

तुम्ही जुने आहात. एवढ्यावर मी फुगलो. मागे गेलो, बटण काढलं, नवीन घातलं. गाडी चालू करून मागून हलवली, लाईट चमकली. वायरवरून हात फिरवला, काही कळेना. मालक घड्याळ बघतायत. दुपारी शाळा सुटायची. मग मी पुढे गेलो, डॅशच्या खाली हात घातला, आणि मागच्या दारावरून येणारी ती वायर ओढून काढली. टोकाला टेप गुंडाळली आणि आत सारून दिली. झालं. लाईट नाही, बझर नाही. मालक स्वतः गाडीत बसले, गेटपर्यंत नेली, गतिरोधकावरून दोनदा घातली. लाईट गप्प. मेलेली लाईट कशाला बोलेल.

मालक म्हणाले, "वा थोरले! तीन दिवस हा नुसता फिरत बसला, तुम्ही तासाभरात काढलंत. जाऊ दे गाडी, आजच्या दिवस सहीशिवाय सोड म्हणून मी सांगतो वॉचमनला."

सगळे ड्रायव्हर उभे होते. कोणीतरी पाठीवर थाप मारली. मी तुम्हाला काय सांगू, सोळा वर्षाच्या नोकरीत तसा दिवस नव्हता आला. मी उगाच हात पुसत उभा राहिलो, पुसलेलेच पुन्हा पुसले. माझ्या मनात पोरांचा विचार आलाच नाही. एकाही पोराचा. माझ्या मनात एवढंच होतं की बारका येईल तेव्हा त्याचं तोंड कसं होईल.

बारका दुपारी आला. नऊची जागा रिकामी. मी म्हटलं, "काढला फॉल्ट. गेली गाडी."

"काय होतं?"

"बटण."

"दार उघडून बघितलंस?"

"लाईट गेली ना? आणि काय बघायचं?"

"दादा, बंद दाराला लाईट गेली हे ठीक. उघड्या दाराला लागते का, ते विचारतोय."

मी परत हात पुसायला लागलो. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने माझं तोंड वाचलं. भाऊ होता, त्याला वेळ नाही लागला.

"कुठली वायर काढलीस?"

मी म्हटलं, "डॅशमागची."

मला वाटलं आता हा ओरडणार, मालकांना हाक मारणार, चार लोक गोळा करणार. त्याने सामानाची पिशवी तिथेच खाली सोडली, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. चावी लावून ठेवलेली होती तशीच, हेल्मेटपण घातलं नाही.

पुढचं मला नऊच्या ताईंनी नंतर सांगितलं, त्यांना आतली गोष्ट माहीत नव्हती, त्या गंमत म्हणून सांगत होत्या. गाडी शाळेच्या दारात, पोरं चढतायत, आणि हा धापा टाकत आला. मामांना म्हणाला मला मागून बझर ऐकायचाय, मी बसतो मागे. आणि शेवटच्या सीटवर, त्या दाराला चिकटून बसला. तिथे तीन कार्टी बसायची, ती रोज त्या दाराच्या मुठीशी खेळायची. त्यांना त्याने पुढे बसवलं. एक हात मुठीवर ठेवला तो अख्खी फेरी काढलाच नाही. एक तास दहा मिनिटं. चाळीस पोरं उतरेपर्यंत.

एका पोराने त्याला विचारलं, "काका, तुम्ही नापास झालात का?"

हा म्हणाला, "हो, तीनदा."

ताई हसत होत्या सांगताना. म्हणाल्या, तुमचा भाऊ ना, लहान पोरांत लहान होतो. मी हो हो म्हटलं.

गाडी परत आली. तो उतरला तर उजवा हात त्याला सरळ करता येईना, बोटं तशीच वाकडी. मला टायरच्या ढिगामागे घेऊन गेला. मी तयारी केली होती. मी म्हणणार होतो, जा सांग, सांग मालकाला, तुला तेच पाहिजे आहे. मालकांनी त्याच्या आदल्या वर्षी एका मिस्त्रीला याहून कमी गोष्टीसाठी घरी बसवलं होतं, तुमच्यातल्या जुन्यांना आठवत असेल.

तो म्हणाला, "चल, आधी फॉल्ट काढू."

त्याने डॅशमागे वायर परत जोडली आणि स्टेअरिंगवर बसला. मला मागे पाठवलं. म्हणाला, दारापासून सुरू कर, वीतभर वायर धरायची, हलवायची, पुढे सरकायचं, मी सांगतो कधी लागते ते. मी हलवत गेलो. बिजागरीच्या खाली पत्र्याला एक भोक आहे, वायर त्यातून आत जाते. तिथे हात आला आणि तो पुढून ओरडला, "लागली!" त्या भोकाला रबराची बांगडी असते, वायर पत्र्याला घासू नये म्हणून. ती कधीच गळून पडलेली. वायरची साल घासून गेलेली आणि आतली तार खड्ड्यात गाडी आदळली की पत्र्याला टेकत होती, म्हणून लाईटला वाटायचं दार उघडलं. वीस मिनिटं लागली. सकाळी मी त्याच भोकावरून हात फिरवला होता.

मालक आले. म्हणाले, "आता काय काढलंत परत? झालं होतं ना सकाळी?"

बारका म्हणाला, "सकाळी तात्पुरतं होतं, आता पक्कं केलं. वायर घासत होती मागे. दादानेच शोधली."

मालकांनी दुसऱ्यांदा मला शाबासकी दिली. एका दिवसात दोनदा. आणि खरं सांगतो, त्या दुसऱ्या शाबासकीने मी पहिल्यापेक्षा जास्त जळलो. त्याने मला चार थोबाडीत दिल्या असत्या तर मी समजलो असतो. कामातही हा वर, आणि आता चांगुलपणातही हाच वर. मला कुठे जागाच ठेवली नाही त्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याने मला बोलावलं. म्हणाला, "आजपासून सगळ्या गाड्यांची सगळी दारं तू उघडायचीस. मी स्टेअरिंगवर बसणार. तू उघडलंस आणि लाईट लागली की मी लागली म्हणणार. तू बंद केलंस की गेली म्हणणार. दोन्ही झाल्याशिवाय सही नाही."

मी म्हटलं, "हे काम चष्मेवाला करेल की." चष्मेवाला म्हणजे त्याच्या हाताखालचा दुसरा लाईटवाला, तुम्हाला माहीतच आहे.

"चष्मेवाल्याने वायर नव्हती काढली."

"किती दिवस?"

"मी सही करतोय तोपर्यंत."

सतरा गाड्या, प्रत्येकी दोन दारं. रोज. आठ वर्षं. तुम्ही हे बघितलंय. लहान भाऊ कानाला पेन अडकवून सीटवर बसलेला, आणि मोठा भाऊ गाडीच्या पुढून मागे, मागून पुढे. "लागली!" "गेली!" "मागचं उघड!" "जोरात लाव, घरचं कपाट आहे का ते!" तुम्ही हळूच म्हणायचात, काय माणूस आहे, सख्ख्या भावाला असं करतो. मामा तर एकदा मोठ्याने म्हणाले होते त्याच्या तोंडावर, "बारके, थोरल्यांच्या वयाचा तरी मान ठेवा." तो म्हणाला, "मान दाराला लागत नाही मामा, हात लागतो." आणि तुम्ही चिडलात.

त्याला एक वाक्य बोलून मोकळं होता आलं असतं. याने काय केलं होतं माहितीये का, एवढंच. नाही बोलला.

आणि मी काय करायचो ते आता ऐका. मी गुडघा धरायचो. पायरी चढताना तोंड वाकडं करायचो, हळूच आई गं म्हणायचो. माझा गुडघा दुखत नव्हता हो. आजही दुखत नाही. तुम्ही बघताय हे बघून मी धरायचो. तुम्हाला माझी दया आली की मला वाटायचं, कामात नाही तर नाही, इथे तरी मी याच्या पुढे आहे. ताई मला बसायला खुर्ची आणून द्यायच्या. मी खुर्चीत बसायचो आणि त्याच्याकडे बघायचो. त्याला माहीत होतं गुडघा खोटा आहे. एकदा फक्त म्हणाला, "दादा, काल डावा होता ना?"

मग तो गेला. सकाळी छातीत कळ आली म्हणाला, दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. दवाखान्यातही त्याचं तेच. मी बाजूला उभा, आणि तो मोठा डॉक्टर त्याला विचारतोय की माझ्या गाडीच्या डॅशवर एक दिवा सारखा लागतो, काय असेल. हा म्हणतो, "कुठे लागतो?" मला तेव्हाही राग आला. भाऊ मरायला टेकलाय आणि मला राग कशाचा आलाय, तर डॉक्टरने मला नाही विचारलं याचा. त्याला पोचवायला लोक किती आले ते तुम्ही बघितलंत. मी रडत होतो आणि मोजत होतो. माझ्या वेळी याच्या निम्मे तरी येतील का, असा हिशोब माझ्या डोक्यात चालू होता. मला लाज वाटते, पण होता.

तिथेच मालक माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारपासून सही तुम्ही करा. नऊ नंबर मी विसरलो नाही."

मी हो म्हणालो. तिथेच. एका श्वासात. भाऊ समोर होता.

सोमवारी मी सतरा चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. दारं चष्मेवाल्याने उघडली, मी स्टेअरिंगवर बसलो, पेन कानाला. काय सांगू तुम्हाला. दहा वर्षं जी गोष्ट डोळ्यात खुपत होती ती हातात आली. गेटवरचा वॉचमन माझी सही बघून मान हलवत होता आणि मला वाटत होतं अजून पन्नास गाड्या असायला पाहिजे होत्या.

मग मामा आले चिठ्ठी घ्यायला. माया करत म्हणाले, "बरं झालं थोरले. तुम्हाला राबवणारा गेला. आता बसून खा." बाजूचे दोघं तिघं हसले. वाईट हसले नाहीत, माझ्या बाजूने हसले. आणि मीपण हसलो.

मी ते हसू परत घ्यायला बघत होतो, ते येईना. घरी गेलो, ताटावर बसलो, घास फिरायला लागला तोंडात. बायको म्हणाली, "आता तर मिळाली ना सही? आता कशाने दुखतंय?" तिला सांगितलं. तिला पहिल्यांदाच सांगितलं. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली, बराच वेळ आली नाही.

मंगळवारी मी मालकांच्या खोलीत गेलो आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. वायर, टेप, मागची सीट, सगळं. मालक आधी पेनशी खेळत ऐकत होते, मग खेळायचे थांबले.

म्हणाले, "चाळीस पोरं होती थोरले."

मी म्हटलं, "हो."

"आणि मी स्वतः गाडी सोडली."

"तुम्हाला मी सोडायला लावली."

ते उठून खिडकीशी गेले. मला वाटलं आता म्हणतील, जा घरी. ते म्हणाले, "त्याने तुम्हाला ठेवलं होतं, तर मी काढत नाही. पण ही सही तुमच्या हातात नाही देणार. आता नाही, नंतर नाही." आणि चष्मेवाल्याला बोलावून पुस्तक त्याला दिलं. चष्मेवाला आदल्याच दिवशी माझ्यासाठी दारं उघडत होता. आता सही तो करतो आणि दारं परत मी उघडतो. त्याच्यावरही मी जळतो, खोटं कशाला बोलू. त्याची सही तर कोंबडी कागदावरून चालल्यासारखी आहे.

त्याच दिवशी बारक्याच्या घरी गेलो. धाकटी, म्हणजे त्याची बायको, कपड्यांच्या घड्या घालत होती, त्याचे शर्ट वेगळे, बाकीचे वेगळे. कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून सांगितलं. ऐकता ऐकता तिने घडी घातलेला शर्ट परत उलगडला, परत घडी घातली.

मग म्हणाली, "भाऊजी, आठ वर्षं लोकांनी माझ्या नवऱ्याला नावं ठेवली. लग्नकार्यात बायका मला ऐकवायच्या, तुमच्या ह्यांना मोठ्या भावाची किंमत नाही म्हणून. मी घरी येऊन त्यांच्याशी भांडायचे. मीपण म्हणायचे, कशाला दारं उघडायला लावता, त्यांचा गुडघा दुखतो."

मी गुडघ्यावरचा हात काढला.

"मालकांना सांगितलंत म्हणजे झालं का? नावं मालकांनी ठेवली होती? ज्यांनी ठेवली त्यांना सांगा. लिहा. आणि पाठवायच्या आधी मला दाखवा."

म्हणून लिहिलं. दोन आठवडे लागले. पहिल्यांदा दाखवलं तर तिने अर्ध्यातच फोन परत दिला. म्हणाली, "हा कोण? देवमाणूस काय, सोन्याचं काळीज काय. माझा नवरा असा नव्हता. त्याने कधी कुणाला चहा पाजला नाही, त्याच्या स्क्रूड्रायव्हरला कुणी हात लावला तर दोन दिवस बोलायचा नाही, आणि तोंडाने फटकळ होता. ते लिहा. मग बाकीचं लोक खरं मानतील." ते सगळं काढलं आणि हे लिहिलं. चहाचं खरंच आहे, तुम्ही साक्षीला आहात.

आज दुसऱ्यांदा दाखवलं. तिने सगळं वाचलं, हळू हळू, बोट लावून. वाचून झाल्यावर फोन दिलाच नाही, हातात धरून बसली.

म्हणाली, "त्यांनी तुम्हाला का वाचवलं ते नाही लिहिलंत."

मी म्हटलं, "मला माहीत असतं तर लिहिलं असतं. मी कधी विचारलं नाही, तो बोलला नाही."

"मलापण नाही बोलले." ती माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला ओळखीचं वाटलं. "मला सगळं सांगायचे. कुठल्या गाडीची कुठली वायर, कोण काय म्हणालं, ताईंचा डबा, सगळं. रोज जेवताना. आठ वर्षांत हे एक नाही सांगितलं. तुमचं म्हणून नाही सांगितलं. बायकोला नाही आणि तुमच्यासाठी..." पुढे तिने बोलायचं सोडलं. फोन माझ्या हातात जवळजवळ फेकलाच.

ती जळत होती. माझ्यावर. बारक्याच्या बाबतीत कुणीतरी माझ्यावर जळतंय असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, समोर ती तशी बसलेली, पण वाटलं, आणि मग मी तिच्यासमोरच रडलो, तो गेल्यापासून पहिल्यांदा लोक न मोजता.

ती म्हणाली पाठवा. पाठवतोय.